लेबलाखालचं गाव

पुस्तक हातात आलं की माणूस आधी नाव बघतो, मग कोणी लिहिलं ते बघतो, आणि माझ्यासारखा असला तर आत चित्रं आहेत का ते बघतो. सूचीबाईंचं बोट पहिल्या पानाच्या थेट तळाशी जायचं. तिथे बारीक अक्षरात गावाचं नाव असतं, पुस्तक कुठून निघालं त्याचं. ते सापडेपर्यंत पुस्तक देवाचं आहे की भुताचं, याच्याशी बाईंना घेणंदेणं नव्हतं. एकदा एक जाडजूड पुस्तक त्या फार वेळ हातात धरून बसल्या होत्या, म्हणून मी विचारलं, "चांगलं हाये का जी?" त्या म्हणाल्या, "बेळगावचं आहे." आता हे काय उत्तर झालं?

मी गोंडपिपरीच्या वाचनालयात झाडलोट करत होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमचं घर ढिवरांचं. नवरा तलावात जाळं टाकायचा आणि मी आठवडी बाजारात मासोळी विकायची. तो गेल्यावर जाळं दिराकडे गेलं आणि मला हे काम मिळालं. कुलूप उघडायचं, झाडायचं, माठ भरायचा, पेपर टेबलावर लावायचे, दुपारी चहा ठेवायचा. पुस्तकांशी माझा संबंध धुळीपुरता. तरी या बाईंनी मला वर्षानुवर्षं पुस्तकांच्या मागे पळवलं. त्याचा राग मला आजही आहे.

सूचीबाई आमच्या गावच्या नव्हत्या. नागपूरला एका शाळेच्या ग्रंथालयात त्यांनी सगळी नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर भावाच्या रिकाम्या घरात राहायला आल्या. भाऊ वारला होता. भाचा घुग्घुसला कोळशाच्या खाणीत होता. गावात आल्या त्याच आठवड्यात वाचनालयात आल्या, मागच्या खोलीतली कपाटं बघितली आणि अध्यक्षांना म्हणाल्या, "याची सूची कुठे आहे?" आमचे अध्यक्ष बी-बियाणं आणि खताचे दुकानदार. ते म्हणाले, "कायची?" त्या दिवसापासून गावाने त्यांना सूचीबाई केलं. खरं नाव पोस्टमनला माहीत होतं.

"कुठलं?" हा त्यांचा शब्द. भाजीवालीला भाव नंतर विचारायचा, आधी वांगी कुठली ते. नवीन मास्तर गावात आला तर नाव नंतर, आधी कुठले. आठवडी बाजाराच्या दिवशी मी दिराची मासोळी विकायला बसायची, तिथेही त्या यायच्या आणि विचारायच्या, "कोणत्या तलावातली?"

"पाण्यातली," मी म्हणायची.

त्या हसायच्या नाहीत. पिशवी मिटून उभ्या राहायच्या, मी तलावाचं नाव सांगेपर्यंत. मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली. एकदा मी चिडून म्हटलं, "तलावाचं नाव सांगितल्यानं रस्सा गोड होते का बाई?"

"रस्सा नाही होत. पण मासोळी वाईट निघाली तर कोणत्या तलावाकडे बघायचं ते कळतं."

अशा बाईशी भांडायलाही माणसाला जेवून बसावं लागतं.

मागच्या खोलीतली ती पाच कपाटं गावातल्या एका जुन्या डॉक्टरांची. ते वारल्यावर मुलांनी दवाखाना विकला आणि पुस्तकं वाचनालयाला दिली. मी कामाला लागल्यापासून ती कपाटं उघडलेली मी पाहिली नव्हती. बाईंनी उघडायला लावली. आतून जी धूळ निघाली ती मी खाल्ली. एका फळीला वाळवी लागली होती आणि कसर तर सगळीकडे होती. मी म्हटलं, रॉकेल टाकू का. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या आईला शिवी दिली.

मग त्यांची यादी सुरू झाली. रोज दुपारी यायच्या, खिडकीजवळच्या टेबलाशी बसायच्या. मी कपाटातून पुस्तक काढून, कोरड्या फडक्याने पुसून समोर ठेवायचं. ओल्या फडक्याला बंदी. नाव, लेखक, पानं हे सगळं त्या भराभर लिहायच्या, आणि ठिकाणाच्या रकान्यापाशी गाडी अडायची. पुस्तक लिहिणारा एका गावचा, छापखाना दुसऱ्या गावचा, विकणारा तिसऱ्या गावचा, आणि पुस्तक काढणारा आणखी कुठला. बाईंना त्यातला फक्त शेवटचा हवा असायचा. तो सापडेना तर त्या प्रस्तावना वाचायच्या, शेवटच्या पानावरच्या जाहिराती वाचायच्या. मी हातात पुढचं पुस्तक घेऊन उभी. "बाई, बसू का मी?" असं विचारलं की म्हणायच्या, "बसा की, उभं राहायला कोणी सांगितलं?"

त्यांचा एक नियम होता. पुस्तकावर जे आहे ते उघडं लिहायचं. आपल्याला जे माहीत आहे ते कंसात लिहायचं. दोन्हीचा काला करायचा नाही. जुन्या पुस्तकावर चांदा छापलं असेल तर चांदाच लिहायचं आणि पुढे कंसात चंद्रपूर. मुंबई एका पुस्तकावर मुंबई असायची, दुसऱ्यावर मुंबापुरी, तिसऱ्यावर इंग्रजी अक्षरांत. जसं असेल तसं लिहून पुढे प्रत्येक वेळी कंसात एकच नाव, तेच आणि तसंच. "एका गावची सगळी पुस्तकं एका हाकेला ओ देतील, असं हवं," त्या म्हणायच्या.

अध्यक्षांना हे पटत नव्हतं. ते एकदा यादी बघायला आले आणि डोक्याला हात लावून बसले. "बाई, आता चांदा कोन म्हंते? सरळ चंद्रपूर लिहा न!"

"पुस्तक म्हणतं."

"पुस्तकाले काय समजते?"

"तुम्ही बियाण्याच्या पिशवीवर असतं तेच बिल करता की तुमच्या मनाचं?"

अध्यक्ष माझ्याकडे बघून म्हणाले, "गिरजाकाकू, चहा ठेवा." वाद हरला की ते चहा मागायचे. त्यामुळे बाईंच्या काळात वाचनालयात चहा फार झाला.

हा कंस बाई सगळीकडे लावायच्या. मी एकदा सांगत होते की अमक्याची सून घर सोडून बल्लारपूरला गेली. "तुम्ही बघितलं?" बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "आयकलं." "मग कंसात ठेवा." आता गावातली गोष्ट कंसात ठेवून सांगायची म्हटली तर सांगायला उरतं काय?

अशी तीन-चार वर्षं गेली असतील. मग खोलीचा प्रश्न आला.

आमच्याकडची पोरं आता सगळी भरतीच्या मागे आहेत. पोलीस भरती, वनरक्षक, तलाठी. सकाळी मैदानावर पळतात आणि दिवसभर बसून पाठ करायला जागा शोधतात. घरं दोन खोल्यांची, टीव्ही चालू, लहान पोरांची रडारड. माझी स्वतःची नात बसस्टँडच्या बाकावर बसून अभ्यास करायची, आणि तिथले टवाळ पोट्टे तिला बोलायचे. पोरं अध्यक्षांकडे गेली की मागची खोली अभ्यासिका म्हणून द्या. मला विचाराल तर मागणी बरोबर होती. मी बाईंच्या तोंडावर सांगितलं, "तुमची पुस्तकं कोनी वाचत नाई. पोरीले बसाले जागा नाई."

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. एवढं सरळ उत्तर ऐकून मलाच राग आला. भांडायची तयारी वाया गेली.

बाईंनीच मग चंद्रपूरच्या एका कॉलेजात खटपट केली. तिथल्या ग्रंथालयाने जुनी पुस्तकं घ्यायचं कबूल केलं, पण अट घातली की यादीत असेल तेवढंच नेऊ, बिनयादीचं एकही नेणार नाही. अध्यक्षांनी दुसरी अट घातली. शाळा सुरू व्हायच्या आत खोली रिकामी पाहिजे. जे कॉलेज नेणार नाही ते गडचांदूरचा रद्दीवाला नेईल. त्याला सांगूनही ठेवलं होतं. तेव्हा चार कपाटांची यादी झाली होती आणि पाचवं बाकी होतं. उन्हाळा पुढे पडला होता. बाई म्हणाल्या, होईल. मलाही वाटलं, होईल.

पाचव्या कपाटात मी वरची फळी पुसत होते. एक पुस्तक निघालं, भाग दुसरा असं लिहिलेलं. बाईंनी तळाला बोट लावलं. अमरावती. लिहिलं. मग थांबल्या. "गिरजाबाई, याचा पहिला भाग आपण केला आहे. दुसऱ्या कपाटात बघा."

मी शोधून आणला. त्यावर नागपूर.

"असन," मी म्हटलं. "एक भाऊ इथी, एक भाऊ तिथी."

ते पान उचलून बाईंनी खिडकीच्या उजेडासमोर धरलं. मग मला जवळ बोलावलं. नागपूर जिथे छापलं होतं तिथला कागद दुप्पट जाड दिसत होता, आणि त्याच्या आतून दुसरी अक्षरं उलटसुलट दिसत होती. ते छापलेलं नव्हतंच. ते लेबल होतं, पानाच्याच रंगाचं झालेलं.

झालं असं होतं की डॉक्टर बरीच पुस्तकं नागपूरच्या एका दुकानातून मागवायचे, आणि ती बहुतेक पहिल्या दोन कपाटांत होती; तिसऱ्या-चौथ्यात लेबलं नव्हती. दुकानदाराने आपल्या नावागावाचं लेबल नेमकं मूळ गावाच्या नावावर चिकटवलं होतं. गिऱ्हाईकाने पुन्हा मागवायचं तर दुकानाकडूनच मागवावं, पुस्तक काढणाऱ्याकडून नाही, एवढाच त्याचा हिशेब. पहिल्या दोन कपाटांत बाईंनी जवळजवळ सगळीकडे नागपूर लिहिलं होतं, आणि त्यांना काही वाटलं नव्हतं. डॉक्टर नागपूरला शिकलेले, पुस्तकंही तिकडचीच घेत असतील, असं त्यांनी धरलं होतं.

"चहाचा गंज ठेवा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, चहा पाहिजे. पातेल्यातलं पाणी उकळलं तसं त्यांनी पुस्तक उघडून वाफेवर धरलं. हात भाजत होता तरी धरलं. थोड्या वेळाने लेबलाची कड उचलली, आणि सुरीच्या पात्याने त्यांनी ते कांद्याच्या पापुद्र्यासारखं काढलं. खाली अमरावती. दुसरं पुस्तक धरलं, खाली पुणे. तिसऱ्याच्या खाली चांदा. चौथं खरंच नागपूरचं निघालं. त्यानेच तर घोटाळा झाला. सगळीच खोटी असती तर काम सोपं होतं. आता प्रत्येक पुस्तक वाफेवर धरल्याशिवाय खरं कळणार नव्हतं.

माझा चहाचा गंज पुन्हा चहाच्या कामाचा राहिला नाही. डिंकाचा वास त्यातून कधी गेला नाही.

बाई खुर्चीवर बसल्या. "मी पुस्तकावरचं लिहिलं नाही," त्या म्हणाल्या. "पुस्तकावर चिकटवलेलं लिहिलं. सगळ्या जगाला शिकवत होते आणि स्वतः तेच केलं."

मी म्हटलं, "कोनाले मालूम हाये? आपल्या दोघींले. मी सांगत नाई, तुमी सांगू नका."

पण त्या सांगणारच. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना बोलावून त्यांनी सगळं सांगितलं. पहिली दोन कपाटं पुन्हा करावी लागतील म्हणाल्या. अध्यक्ष आधी हसले. मग त्यांना समजलं की बाई हसत नाहीत.

"बाई, टेम्पो ठरला हाये. पोट्टे रोज दुकानात येऊन बसून राह्यले. कोन पाहाले चाललं नागपूर हाये का अमरावती?"

"कोणी तरी बघेल."

"कोन?"

"ते मला माहीत नाही. म्हणून तर बरोबर लिहायचं."

"दोन कपाटं परत कराल तं पाचवं कवा कराल?"

अध्यक्षांनी तिथूनच कॉलेजात फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तिकडचा ग्रंथपाल तरुण पण सभ्य होता. तो म्हणाला, नाव आणि लेखक असला की पुरे, ठिकाण नसलं तरी चालेल. पण यादीत नाही ते पुस्तक मला उचलता येणार नाही. अध्यक्षांनी फोन ठेवला आणि बाईंकडे बघितलं. जिंकल्यासारखे नाही, दमल्यासारखे बघत होते. तेही वाईट माणूस नव्हते. "काकू, तुमीच समजवा," असं मला म्हणाले आणि गेले. चहाही मागितला नाही.

आता बाईंपुढे सरळ हिशेब होता. पहिल्या दोन कपाटांची खरी गावं शोधत बसल्या तर पाचवं कपाट रद्दीत जाणार. नागपूर तसंच ठेवलं तर सगळी पुस्तकं वाचतील, पण खोट्या गावाची होऊन जातील. त्या दिवशी आम्हा दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. वाचनालयात पेपर वाचणारी माणसं उठून बाहेर गेली.

मी म्हटलं, "नागपूर खोडा. रकाना रिकामा सोडा. खोटंबी नाई, टाईमबी लागत नाई."

"रिकामा सोडायचा म्हणजे काय ते कळतं का तुम्हाला?" बाई पहिल्यांदाच मोठ्याने बोलल्या. "शोधलं आणि नाही मिळालं तर तसं लिहिता येतं, सापडलं नाही. त्याची लाज नसते. रिकामं म्हणजे कोणी बघितलंच नाही. मी इथे इतकी वर्षं बसून बघितलंच नाही, असं होईल ते."

"तं नाईच पाह्यलं न तुमी! लेबल पाह्यलं!"

बोलून गेले. बोलणं खरं होतं, म्हणून मागे घेतलं नाही. बाईंनी समोरचं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "पट्टी द्या."

त्यांनी पहिल्या दोन कपाटांची यादी काढली आणि पट्टी लावून एकेक नागपूर खोडलं. हाताने फराटा मारला असता तर पटकन झालं असतं. पण नाही, प्रत्येक ठिकाणी पट्टी, प्रत्येक रेघ सरळ. पुढे काही लिहिलं नाही. ते झाल्यावर पाचवं कपाट हातात घेतलं आणि टेम्पो यायच्या आत पुरं केलं. त्यातल्या पुस्तकांवर लेबलं थोडीच होती, ती वाफेवर काढली. त्या दिवसांत बाईंनी मला एकदाही "कुठलं?" विचारलं नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

टेम्पो आला. पोरांनीच पुस्तकं उचलून भरली. कॉलेजच्या माणसाने यादी घेतली आणि शेवटच्या पानावर बाईंची सही मागितली, तयार करणाऱ्याची. बाई म्हणाल्या, "नाही करत. हे काम पुरं नाही." तो गोंधळला. अध्यक्ष म्हणाले, "करून टाका न बाई, एका सहीनं काय होते?" बाईंनी पेनला टोपण लावलं. शेवटी सही अध्यक्षांनी केली.

खोली धुतली, चुना लावला, टेबलं टाकली. माझी नात खिडकीजवळची जागा धरून बसू लागली. मी बाईंना सांगायला गेले की पोरीला चांगली जागा मिळाली. त्या म्हणाल्या, "तिथे दुपारी ऊन येतं. पडदा लावा." एवढंच.

मग काही दिवसांनी सकाळी त्या माझ्या दारात. अंगावर धुतलेली साडी, काखेत पिशवी, पिशवीत विजेवर चालणारी नवी किटली. "चला," म्हणाल्या.

"कुठी?"

"चंद्रपूरला. कॉलेजात विचारलं आहे मी. आठवड्यातून एक दिवस बसू देतात. लेबलं काढायची आहेत."

"मी कायले?"

"मला एकटीला बसमध्ये चढता येत नाही."

मी नाही म्हटलं. माझ्या गुडघ्यांचंही सांगितलं. ती बाई ओट्यावर बसून राहिली, मी पोळ्या करून संपवेपर्यंत. मग गेले मी. आणि गेले ती दर आठवड्याला जात राहिले. कोठारीचं जंगल, मग बल्लारपूरला कागदाच्या कारखान्याचा वास, मग चंद्रपूरचं ते ऊन. त्यात बसमध्ये आणखी तमाशे. एकदा कंडक्टरने घाईत तिकीट मागच्या थांब्यापासूनचं दिलं. भाडं तेवढंच. बाई म्हणाल्या, "आम्ही तिथे चढलो नाही." कंडक्टर म्हणाला, "आजी, पैसे सारखेच लागते न!" "पैशाचं कोण बोलतं आहे?" सगळी बस आमच्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर तोंड करून अनोळखी माणसासारखी बसले. बाईंनी दुसरं तिकीट घेतलंच.

कॉलेजात त्या वाफेवर पुस्तक धरायच्या, मी सुटलेलं पान जुन्या पेपरात दाबून वाळवायची. गाव वाचलं की त्या रिकाम्या रकान्यात लिहायच्या. कधी लेबलाबरोबर कागदच निघून यायचा, कधी खाली कसरीने खाल्लेलं असायचं. तेव्हा त्या सगळं पुस्तक उलटंपालटं करायच्या आणि मग लिहायच्या, "सापडलं नाही". ते लिहितानाही त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असायचं, याचं मला नवल वाटायचं. मी विचारलं, "सापडलं नाई तं खुश काऊन?"

"आता दुसऱ्या कोणाला पुन्हा शोधावं लागणार नाही."

पहिलं कपाट पुरं झालं. दुसऱ्यातल्या वरच्या फळ्या झाल्या. मग पुढच्या पावसाळ्यात बाईंना दम लागू लागला. भाचा घुग्घुसहून गाडी घेऊन आला आणि त्यांना घेऊन गेला. जाताना मला म्हणाल्या, "थंडी पडली की येते. खालच्या दोन फळ्या राहिल्यात." मी म्हटलं, "फळ्या कुठी पळून नाई जात. तुमी औषध घ्या." हे आमचं शेवटचं बोलणं. भाच्याचा फोन आला तेव्हा सगळं उरकलं होतं. मला आधी कळवलं असतं तर गेले असते. पण त्यालाही काय माहीत, मी त्यांची कोण ते.

मी रडले वगैरे नाही. घरात पुष्कळ माणसं गेली, प्रत्येकासाठी रडायला वेळ कोणाकडे असतो?

नंतर एकदा कॉलेजातून त्या ग्रंथपालाचा फोन आला. बाईंची किटली तिथेच राहिली होती, घेऊन जा म्हणाला. किटली चांगली होती, म्हणून मी गेले. तो संगणकासमोर बसून आमची यादी त्यात भरत होता. मला बघून म्हणाला, "बरं झालं आजी, आलात. बाईंच्या शेवटच्या पुस्तकांना ठिकाणच नाही. आणि हा संगणक रिकामा रकाना घेत नाही. मी म्हटलं, नागपूर टाकून देतो. दुकान तर नागपूरचंच होतं ना?"

खरं सांगते, मला किटली घेऊन निघायचं होतं. बस धरायची होती. मीच तर सगळ्यात आधी बाईंना म्हटलं होतं, कोणाला मालूम आहे म्हणून. टाक बाबा काय टाकायचं ते, असं म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हटलं, "नाई टाकाचं."

"मग काय टाकू? सापडलं नाही, हे टाकू? बाईंनी काही ठिकाणी तसं लिहिलंय."

"शोधलं कोनं? शोधल्याबिगर सापडलं नाई कसं म्हंता?"

"मग आजी, तुम्हीच सांगा."

"लिहा, अजून पाहिलं नाही."

तो हसला. मग माझा चेहरा बघून हसायचा थांबला आणि ते टाइप केलं. संगणकाने घेतलं. "सगळ्यांना हेच?" त्याने विचारलं.

"ज्याचं लेबल निघालं नाई, त्या सगळ्याईले."

त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी बाजूला बसून, एकेक अक्षर लावत, पडद्यावरचं वाचत राहिले. मधे एकदा त्याने घाईत नुसतं "पाहिलं नाही" लिहिलं. मी त्याला मागे जायला लावलं आणि "अजून" घालायला लावलं. तो म्हणाला, "एका शब्दाने काय फरक पडतो आजी?" मी म्हटलं, "फरक पडो का नको पडो, एकसारखं पाहिजे." खालच्या दोन्ही फळ्या पुऱ्या होईपर्यंत मी खुर्ची सोडली नाही.

गोंडपिपरीची बस गेली होती. पुढची येईपर्यंत मी स्टँडवर किटली मांडीवर घेऊन बसले आणि सूचीबाईंना मनसोक्त शिव्या दिल्या.